कावळ्यापुढे उभं राहण्याची अट

मी, राधाकृष्ण सहादेव खेतमाळीस, वय एकोणतीस, राहणार मिरजगाव, तालुका कर्जत, धंदा गणित (पगार नाही), लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. ताप संध्याकाळी चढतो आणि हे मी सकाळी लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, दारू पाजलेली नाही. फुफ्फुसं गेली आहेत. दरवेळी सुया अर्ध्यावर टाकून मी दवाखान्यातून पळालो; कधी खर्ड्याचा किल्ला बघायला, कधी जत्रेत सोरटवाल्याच्या मागे. त्यात डॉक्टरांचा दोष नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर कुठल्या तरी एसटीत विसरलो असतो.

कलम १. वडिलांच्या मागे घराचा निम्मा हिस्सा माझा आहे. तो थोरले बंधू आसाराम यांना द्यावा. मी भिंतीवर कोळशाने काढलेल्या आकृत्यांवर त्यांनी दिवाळीला चुना फिरवला. "घर हाय का मुतारी?" म्हणाले. आता सगळं घर त्यांचं, हवा तेवढा चुना लावावा. माझी खाटही त्यांनाच. तिच्यावर त्यांनी रोज झोपावं. खोकल्याचं सोंग करून ते कामाला दांडी मारतात, सोंग सुधारेल.

कलम २. दवाखान्यातल्या नर्स कृपा यांना काही नाही. छातीच्या फोटोतला डाग कमी झालाय असं त्यांनी मला हसून सांगितलं होतं. त्या हसण्यावर मी एक आख्खा श्रावण काढला. फार छान हसतात. असो, विषय सुटला.

कलम ३. माझी खरी मिळकत एकच, ती म्हणजे एक प्रमेय. ते काय आहे हे साक्षीदारांना समजावं म्हणून सांगतो. एक दारुडा चौकात उभा आहे. प्रत्येक पावलाला चारपैकी कुठलाही रस्ता धरतो, मागचं काही लक्षात ठेवत नाही. तो चौकात परत येतो का? येतो, नक्की येतो. हे जुनंच आहे, मोठ्या लोकांनी सिद्ध केलेलं. माझा प्रश्न बाजारच्या दिवसाचा. दारुडे पुष्कळ, आणि एका फरशीवर एकच मावतो. पुढची फरशी अडली तर जागीच थांबायचं. त्यातल्या एकाला गुलाल लावून सोडला, तर तो परत येतो का? नगरच्या कॉलेजातले प्राध्यापक रंगनाथ जोर्वेकर त्यांना वायूचे कण म्हणतात. मी दारुडे म्हणतो, कारण मी ते मिरजगावच्या स्टँडवर बसून पाहिले आहेत. उत्तर मी काढलं.

बी.एस्सी.ला नापास झाल्यावर जोर्वेकर सरांनीच मला घरी बोलावलं होतं, हे खरं आहे. मी भटकून यायचो, त्यांच्या ओसरीवर बसून बोलायचो, ते उतरवून घ्यायचे. मग लेख छापून आला. वर एकट्या सरांचं नाव. शेवटी बारीक अक्षरात टंकलेखकाचे आणि माझे आभार: "इतर मदतीसाठी."

पण सरांनी घाई केली. शेवटची पायरी मी सांगितलीच नव्हती, ती त्यांनी "उघड आहे" म्हणून ओलांडली. कलकत्त्याच्या परिषदेत कोणीतरी उठून विचारलं, कुठे उघड आहे? तेव्हापासून सरांना झोप नाही. परवा मोसंबी घेऊन आले.

"राधाकृष्ण, तब्येत कशी आहे?"

"मरतोय, सर."

"असं बोलू नये. ती पायरी तेवढी सांगून टाक. तुझ्यामागे वाया जाईल रे."

"नाव घाला."

"नाव घालीन, पण पुढे पदवी काय लिहू? लोक हसतील. तुलाच हसतील." मग मोसंबं सोलत म्हणाले, "आणि तुला आता नाव करायचंय काय?"

मोसंबं गोड होतं. मी खाल्लं.

कलम ४. ती पायरी कागदावर कुठेही नाही. सरांनी खाटेखाली शोधू नये. ती मी धाकटी बहीण बनुबाई हिला तोंडपाठ करून दिली आहे. ती पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर पाट्या उचलते. शब्द हलला की मी तिला पहिल्यापासून म्हणायला लावायचो. "दादा, कामावर लोक हसत्यात. म्हनत्यात बनीला दारुड्यानं झपाटलं." अर्थ तिला कळत नाही. कळायची गरज नाही.

कलम ५. माझा दहावा सीना नदीच्या कोरड्या पात्रात करावा. पिंड ठेवल्यावर कावळा शिवेना, तर घरचे लोक मेलेल्याला वचन देतात, पोरांना सांभाळू, कर्ज फेडू, वगैरे. माझ्या पिंडापुढे घरच्यांनी तोंड उघडू नये. जोर्वेकर सरांनी एकट्याने, अनवाणी, गावासमोर उभं राहून मोठ्याने म्हणावं: "प्रमेय राधाकृष्ण सहादेव खेतमाळीस याचं आहे. मी चोरलं." कावळा शिवेपर्यंत म्हणत राहावं. शिवला की बनूने पायरी सांगावी. एकदाच.

यंदा कावळे उपाशी आहेत, पानावर झडप घालतील आणि सर एका वाक्यात सुटतील. म्हणून त्या सकाळी बनूने आपली सुकडी नदीकाठी नेऊन कावळ्यांना पोट भरेपर्यंत घालावी.

कलम ५ची दुरुस्ती. वरचं बनूला वाचून दाखवलं.

"कुनाची सुकडी?"

"तुला कामावर मिळते ती."

"आन् माझी पोरं काय खात्याल? तुझी पायरी?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे, बने."

"दादा, तुझी भाकर बी मीच वाढली. आता मेल्यावर बी माझ्याच ताटात हात घालनार व्हय?"

सुकडीचं वाक्य रद्द समजावं. त्याऐवजी: सरांनी नगरहून टोपलीभर भाकरी आणाव्यात, स्वतःच्या हाताने कुस्करून कावळ्यांना घालाव्यात, आणि कावळे माना फिरवू लागले की मग पिंडापुढे जाऊन उभं राहावं. उरलेल्या भाकरी बनूच्या. टोपलीही.

सरांना वाटेल हा अन्याय आहे. गणित तर त्यांनाही येतं. दारुडा चौकात परत येतो हे नक्की. पण किती वेळाने, याची सरासरी काढायला गेलं तर ती कुठल्याच आकड्यावर थांबत नाही. कावळाही येईल, सर. नक्की येईल.

कलम ६. सर आलेच नाहीत, तर पायरी कोणालाही विकू नये, सांगू नये. बनूने ती जात्यावर म्हणावी, दळायला काही असेल तेव्हा. बनू गेली की प्रमेय जाईल. तिला त्याचं काही वाटणार नाही. मला आत्ता वाटतं.

बनूचा अंगठा साक्षीला घेतलेला नाही, कारण भाकरी तिला मिळायच्या आहेत आणि घेणाऱ्याची साक्ष चालत नाही.

साक्षीदार:
१. फिलिप साळवे, प्राथमिक शिक्षक. (कावळ्यावर माझा विश्वास नाही. बाकी सर्व माझ्यासमक्ष.)
२. गोरक्षनाथ, स्टँडवरचे हॉटेलवाले. (सर येतील. मोसंबीची पिशवी विसरून गेलेत.)

मिरजगाव, दिनांक ६ मे १९७३

सही: राधाकृष्ण सहादेव खेतमाळीस
बी.एस्सी. नापास