डब्यात फक्त लाडू

विद्यानगर, हैदराबाद
९ जानेवारी १९९४

ती. इंदुताईस,
सा. न. वि. वि.

लिहिताना उजवा हात घसरू लागला, म्हणून नव्या परदेशी यंत्रात डोकं घालून आले. मेंदूत डाग निघाला. मेंदू असल्याचा पुरावा मिळाला, असं हे म्हणतात! डॉक्टर म्हणाले, लिम्फोमा नावाचा कॅन्सर असेल, नाहीतर नुसती सूज. महिनाअखेरीला कवटीला भोक पाडून तुकडा तपासतील. तुला ठाऊक आहे, मी कान टोचतानाही पळाले होते.

तुझी भित्री,
अनुराधा

नांदेड
१४ जानेवारी

चि. सौ. अनुस अनेक आशीर्वाद.

आमचा मिलिंद तिकडे येतोय, त्याच्याबरोबर मेथीचे लाडू पाठवते. डब्याच्या तळाशी माझ्या दम्याच्या स्टिरॉइडच्या गोळ्या आहेत. माझी छातीतली सूज त्यांनी दोन दिवसांत उतरते. घेऊन बघ, भोक टळलं तर बरंच.

तुझी ताई

विद्यानगर
६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

गोळ्यांनी हात चार दिवसांत सुधारला. मी गल्लीभर पेढे वाटले. शेजारच्या खालाजान म्हणाल्या, अल्ला का शुकर, और एक दे. मग नवा फोटो काढला. डाग जवळजवळ गायब! डॉक्टर मात्र कपाळाला हात लावून बसले. या गोळीने सूजही उतरते आणि लिम्फोमाही तात्पुरता विरघळतो. चोर पळाला अम्मा, आता तो चोर होता की पाहुणा, कसं सांगू, म्हणाले. तुकडा काढायला आता डागच नाही, म्हणून गोळ्या हळूहळू बंद करायच्या आणि डाग परत येण्याची वाट पाहायची. दुखणं लवकर ये म्हणणारी मीच पहिली असेन.

दर रविवारी तुला पत्र लिहीन. तू शाळेत बत्तीस वर्षं वह्या तपासल्या आहेस, माझं अक्षर बिघडलं की कळव.

तुझी अतिशहाणी,
अनु

नांदेड
२१ मार्च

चि. अनुस आशीर्वाद.

पत्र तपासलं. ओळी उजवीकडे खाली उतरल्यात. ‘मी ठणठणीत आहे’ हे वाक्य चार वेळा वाचावं लागलं. तुझ्या प्रमोदरावांना फोन केलाय, उद्याच दवाखान्यात जा. डॉक्टरकीत माझ्या अकलेला शून्य मार्क. पदर तोंडाला लावून लिहिते आहे. मी निघालेच असते, पण दमा उठलाय.

तुझी ताई

विद्यानगर
८ एप्रिल

ती. ताईस सा. न.

अक्षर यांचं, मजकूर माझा. भोक पाडलं. मी पळाले नाही, बांधूनच ठेवलं होतं. तुकडा सापडला. लिम्फोमाच आहे. निदान नाव कळलं म्हणून मी सुटकेचा निःश्वास सोडला, तर हे रडायला लागले. सोमवारपासून औषध सुरू. त्यात स्टिरॉइडही आहे! म्हणजे ताई, तुझं औषध बरोबर होतं, वेळ तेवढी चुकली. आणि गोळी गिळणारं तोंड माझंच होतं. आता रडू नकोस.

सहीपुरतं पेन मी मागून घेतलंय. ओळ घसरली तर मार्क कापू नकोस, लोभ तेवढा पूर्वीएवढाच ठेव. आणि डबा पाठव. फक्त लाडू.

तुझी
अनु