डोंगराला जायचा महिना

आई, आज सकाळी आम्ही बायका डोंगर चढून आलो. गवताला नाही, सरपणाला नाही, नुसत्याच. पोटऱ्या भरून आल्यात, थंडी-वाऱ्यानं ओठ फुटलेत, आणि मी परीक्षा संपलेल्या पोरीसारखी घरभर हिंडते आहे. सून दोनदा म्हणाली, "आत्या, बसा की जरा." बसवत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

तुला आधी हसूच येणार. माहेरी, आणे गावच्या पठारावर तू आयुष्यभर डोंगर केलास तो पोटासाठी. पाऊस सगळा पश्चिमेच्या डोंगरांवर पडून मोकळा व्हायचा, आपल्या वाट्याला नुसते ढग. जे चार बोटं गवत उगवायचं ते दिवाळीनंतर कापून आणायचं. मला दिसतंय ते: मी आठ-नऊ वर्षांची, कड्यावर उभी राहून खाली बघतेय, आणि मागून तुझा आवाज येतो, "बघत काय बसलीस? हात चालव." संध्याकाळी चुलीपुढं बसून तू लुगड्यातली कुसळं एकेक उपटतेस आणि जाळात टाकतेस. ती तडतडतात. मी विचारते, आपण एकदा नुसतं फिरायला जाऊ या का वर? तू हातातलं काम थांबवत नाहीस. "रिकाम्या हातानं डोंगराला कोण जातं गं? डोंगर काय पावणा हाय का, भेटाया जायला?" मला तेव्हा राग आला होता. पुढं लग्न होऊन पिंपरी पेंढारला आले, इथं विहिरी, कालवा, बारमाही काम. घरामागचा बोडका डोंगर इतकी वर्षं मागच्या दारातून बघितला, पण वर जायचं काही निमित्तच नव्हतं.

गेल्या वर्षी माझी मुलगी पुण्याहून आली. ती श्रावणात आंबेगावकडच्या डोंगरांत जाते, धबधब्याखाली भिजायला. तिथं आता माणसांचीच रांग लागते म्हणे. तिनं विचारलं, "मम्मी, आपल्या ह्या डोंगराला बेस्ट सीझन कुठला?" साठीला आलेली बाई, डोंगराच्या पायथ्याशी राहते, आणि उत्तर नाही. तेव्हाच ठरवलं, ह्या वर्षात जायचंच, आणि एकटीनं नाही, गल्लीतल्या बायका घेऊन.

मग काय, वर्षभर डोक्यात तेच. वैशाखात खडक तव्यासारखा तापतो, सावलीला झुडूप नाही. म्हणजे पहाटे निघायला हवं, आणि बिबट्याच्या भीतीनं उजाडल्याशिवाय आमच्याकडं कुणी उंबरा ओलांडत नाही. पावसात मुरूम पायाखालून सरकतो. भादव्याच्या शेवटी डोंगर खरा देखणा, तरवड पिवळाधमक फुललेला, पण तेव्हा बाजरी काढायला येते. नंतर कुसळं, ती तुला मी काय सांगू? राहिला पौष. दहा वाजेपर्यंत ऊन गोड, हवा स्वच्छ, कुसळं झडून गेलेली. पण पौषात कांद्याची लागण. दिवसभर वाफ्यात वाकलेल्या बायका डोंगराकडं मान वर करून तरी बघतील का?

थोरल्या जाऊबाईंनी तर पहिल्या झटक्यात उडवून लावलं. "वर हाय काय पण? निस्ती दगडं. त्यापरीस दोन वाफं लागत्यात." मी हिरमुसले. आणि मग दिराच्याच तोंडून सुटका झाली. ते कुरकुरत होते, "ह्या आठवड्यात लाईट रातची हाय राव, दिवसा मोटार न्हाई." मी जागच्या जागी उभी राहिले. मोटार नाही म्हणजे वाफ्याला पाणी नाही, पाणी नाही म्हणजे लागण बंद! पुरुष रात्री जागून उभ्या पिकाला पाणी द्यायला दारं धरणार आणि दिवसा झोपणार. बायका दुपारपर्यंत मोकळ्या. पुस्तकात कुठं लिहिलेलं नसेल, पण आमच्या डोंगराचा मोसम तो: पौष महिना, रात्रपाळीच्या लाईटचा आठवडा.

तरी आज उजाडेपर्यंत धाकधूक होती. कुणी आलंच नाही तर? आल्या. जाऊबाई सगळ्यात शेवटी, कानाला फडकं गुंडाळून, डोंगराला आणि मला सारख्याच शिव्या देत. अर्ध्या वाटेत त्या सवयीनं काटक्या गोळा करायला लागल्या. मी म्हटलं, टाका त्या. "घरी ग्यास हाय ते मला बी म्हाईत हाय," म्हणाल्या, पण टाकल्या. मग बराच वेळ त्यांना हातांचं काय करावं कळेना. एकदा कमरेवर, एकदा पदरात.

वर पोचलो. पश्चिमेला जुन्नरकडचे किल्ले निळे, पूर्वेला तुझ्या पठाराची सरळ रेघ, खाली आमचे वाफे. सगळ्या दगडांवर टेकल्या. एवढ्यात जाऊबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी घरी झोपलेल्या पोराला मोबाईल लावला. "आरं उठ! म्हस सुटलीय आपली, कांद्यात शिरलीय. कुठनं काय इचारतो, डोंगरावनं बघतीया मी!" आम्ही हसून हसून बेजार झालो. हसू ओसरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "लई दिस झालं असं बसून. पुढल्या रातच्या लाईटीला परत यायचं का गं?"

आई, पोस्टात टाकायला ह्या पत्राला पत्ता नाही, ते मला कळतं. पण एक सांगून टाकते. वर्षभर मी सगळ्यांना सांगत होते, आईसाठी जायचंय, तिला कधी बसायला मिळालं नाही म्हणून. आणि आज वर बसले होते तो सबंध वेळ मला तुझी एकदाही आठवण आली नाही. मी नुसती बघत बसले होते.