तयार कान

१२ जानेवारी, रविवार

अखेर आला. डिस्क प्लेअर. दोन माणसांनी उचलून चौथ्या मजल्यावर आणला, इतकं वजन. वजन म्हणजेच क्वालिटी. शिवाय हाय-रेझ स्ट्रीमिंगचं वर्षाचं सब्स्क्रिप्शन. डिस्क मनापासून ऐकायला, स्ट्रीमिंग नवीन शोधायला. दोन्ही एकाच घरात, एकाच माणसाच्या ताब्यात. अख्ख्या डोंबिवलीत असा सेटअप दुसरीकडे नसावा.

रसिकाला म्हटलं, ये, ऐक. ती म्हणाली, कुकर लावलाय. बत्तीस वर्षांच्या संसाराची शोकांतिका दोन शब्दांत.

नंतर आत गेलो तर बाईसाहेबांनी मोबाइल स्टीलच्या पातेल्यात उभा केलेला आणि त्यातून गाणं लावलेलं. आवाज मोठा येतो म्हणे पातेल्यात.

१३ जानेवारी, सोमवार

संकल्प. आजपासून कानात घाण आवाज जाऊ द्यायचा नाही. मी फिजिक्स शिकवणारा माणूस, ध्वनी हा माझा विषय. शिवाय माझे कान जन्मजात तयार आहेत, हे कॉलेजपासून सगळे मानतात (धनेश सोडून).

सकाळी क्लासला जाताना रिक्षावाल्याने सीटमागचे स्पीकर फुल सोडलेले. उतरलो आणि चालत गेलो. परत आलो तर जिन्यात तळमजल्याचे शिवराम पोतदार मोबाइलवर रील्स बघत बसलेले, इअरफोन न लावता. अर्धवट गाणं, हशा, अर्धवट गाणं, हशा. या माणसाशी बोलणं बंद.

१९ जानेवारी, रविवार

हॉलमध्ये जमत नाही. हॉल लांबुळका. शेजारी स्वयंपाकघर, समोर रस्ता. आईची खोली मात्र ध्वनीच्या दृष्टीने अप्रतिम. आयुष्यभर तिथे नुसतं झोपलं गेलं, हे मनाला लागलं.

आईला समजावून सांगितलं. म्हटलं, हॉलमध्ये दिवाण आहे, हवा चांगली येते, माणसं दिसतात. आई एक्क्याऐंशीची आहे पण समंजस. म्हणाली, तुला पाहिजे तर घे बाबा. रसिका तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. संमती.

संध्याकाळी प्लेअर हलवला. खोलीला आयोडेक्स आणि कापराचा वास येतो. खिडकी उघडी ठेवली.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी सोसायटीचा झेंडा. माइक सेक्रेटरीच्या हातात. माइक शिट्टी मारतोय आणि एकालाही त्याचं काही नाही. सगळे कानांवर हात ठेवून हसत होते. मला शिट्टी विशेष जाणवली नाही, पण तत्त्व म्हणून वैताग आला.

दुपारी खोलीचं ट्यूनिंग. आवाज थोडा कोंदट वाटत होता, घोंगडी टाकल्यासारखा. आईचा जाड पडदा काढला. सतरंजी काढली. तरी कोंदट. मग अँप्लिफायरचं ट्रेबल, म्हणजे वरची पट्टी, वाढवलं. आणखी वाढवलं. शेवटी जरा मोकळं झालं. संतूरची तार आता तार वाटते.

ऋतिका दारात येऊन म्हणाली, बाबा, कानात जातंय. म्हटलं, कानातच जायला हवं. पोरगी दिवसभर हेडफोन लावून ऑफिसचे कॉल घेते. तिला डिटेल म्हणजे काय कळणार?

४ फेब्रुवारी, मंगळवार

आई म्हणते, तुझं ते लागलं की सुई टोचल्यासारखं होतं रे विनू. मी म्हटलं, त्याला रेझोल्यूशन म्हणतात. आयुष्यभर तू ट्रान्झिस्टर ऐकलास, सवय नाही. होईल.

आज रोजचा नियम ठरवला. साडेसात ते नऊ ऐकण्याची वेळ. त्या वेळेत मिक्सर नाही, फोनवर मोठ्याने बोलणं नाही, भांडी नाहीत. रसिका म्हणाली, मग जेवणही नाही. विनोद असावा.

९ फेब्रुवारी, रविवार

आई देवेशकडे शहाडला गेली. देवेश माझा धाकटा भाऊ. स्वतः गाडी घेऊन आलेला. म्हणाला, थोडे दिवस राहू दे आईला माझ्याकडे. आईला हवापालट होईल. मीच हे सुचवणार होतो.

जाताना आईने औषधांची पिशवी घेतली, देव घेतले, उशी घेतली. थोड्या दिवसांसाठी इतकं सामान? म्हातारी माणसं.

दिवाण हलवल्याने हॉल मोठा दिसतो. रसिका दिवसभर माझ्याशी बोलली नाही. शांततेत सरोद फार सुंदर वाटला.

१६ फेब्रुवारी, रविवार

धनेश आला, नौपाड्याहून, खास ऐकायला. हा माझा कॉलेजचा मित्र आणि अजूनही माझ्या तोंडावर मला खोटं पाडण्यात त्याला आनंद. त्याने स्वतःच्या डिस्क सगळ्या देऊन टाकल्यात. म्हणतो, विन्या, हाय-रेझ आल्यावर डिस्क आणि स्ट्रीमिंगमध्ये कोणाच्या बापाला फरक कळत नाही. तू उगाच लोखंड घेऊन बसलायस.

माझं डोकं सटकलं. म्हटलं, झोपेतही ओळखेन. डिस्कमध्ये जीव असतो. स्ट्रीमिंगमध्ये एक प्रकारचा बेचवपणा असतो, फ्रिजमधल्या वरणासारखा.

धनेश पाच मिनिटं ऐकून म्हणाला, अरे किती कर्कश लावतोस. मत्सर. स्पष्ट दिसत होता.

रसिका चहा घेऊन आलेली, ती ट्रे घेऊन उभीच राहिली. म्हणाली, खरंच ओळखाल? म्हटलं, अर्थात. म्हणाली, मग डोळे बांधून ओळखा, पुढच्या रविवारी, धनेश भावोजींसमोर. ओळखलंत तर खोली तुमची, मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही ओळखलंत तर आई परत येतील, त्यांच्या खोलीत.

तिच्या आवाजात काहीतरी होतं. पण आव्हान स्वीकारलं. मला तर बरंच झालं. एकदाचा सोक्षमोक्ष.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सराव म्हणून रोज दोन्ही ऐकतोय. फरक इतका उघड आहे की कंटाळा येतो. आज तर स्ट्रीमिंग ऐकताना तोंडाला प्लास्टिकची चव आली. मग लक्षात आलं, ती डिस्क होती, इनपुट बदलायचं राहिलेलं. डिस्क धुळीने खराब झाली असणार. पुसून ठेवली.

क्लासच्या पोरांना आज ध्वनीचा धडा घेताना माझ्या प्रयोगाबद्दल सांगितलं. मागच्या बाकावर काहीतरी खुसफुस झाली. मला नीट ऐकू आलं नाही, पण कौतुक असावं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजचं लिहायची इच्छा नाही. तरी नोंद हवी.

धनेश आला. देवेश आईला घेऊन आला. आई स्वतःच्याच खोलीच्या दारात पाहुण्यासारखी उभी होती, बस म्हटलं तेव्हा बसली. ऋतिका वाजवणार, असं ठरलं. रसिकाने ओढणीने माझे डोळे बांधले. जरा जास्तच घट्ट.

सरोदचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा, मी सांगायचं. पहिल्यांदा लागला आणि मी तिथल्या तिथे सांगितलं, डिस्क. अंगावर काटा आला होता. दुसऱ्यांदा, स्ट्रीमिंग. शी. म्हटलं, काढ ते, तारांवर साय धरल्यासारखं झालंय. तिसऱ्यांदा पुन्हा स्ट्रीमिंग. त्यानंतर डिस्क, एकदम डिस्क, म्हटलं, बघा, आता माणूस समोर बसलाय. असं बराच वेळ चाललं. मी फॉर्मात होतो. स्ट्रीमिंगबद्दल जे जे मनात होतं ते बोलून घेतलं. मागे कोणीतरी फसकन हसलं. धनेशच.

ओढणी सोडली. ऋतिका खाली बघत होती. म्हणाली, बाबा, नेट सकाळपासून बंद आहे. खाली रस्ता खणताना केबल तुटली. मी तुम्हाला सांगायला येत होते, पण धनेशकाका म्हणाले, राहू दे, तशीच लाव. सगळ्या वेळी डिस्कच होती.

मग आई म्हणाली, वाजवलं छान हो त्या माणसाने.

मी शांतपणे एक मुद्दा मांडला. मी जेव्हा जेव्हा डिस्क म्हणालो, तेव्हा तेव्हा डिस्कच होती. म्हणजे डिस्क ओळखण्यात मी शंभर टक्के बरोबर. धनेश इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. हा असला माणूस माझा मित्र. किळस आली.

देवेश तेवढ्यात खाली जाऊन आईची उशी घेऊन आला. म्हणजे गाडीत आणूनच ठेवलेली! माझ्या कानांवर माझ्या सख्ख्या भावाचाही विश्वास नव्हता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

प्लेअर हॉलमध्ये. टीव्हीच्या शेजारी, रसिकाच्या मनी प्लांटखाली. आई आपल्या खोलीत. पडदाही लागला. रात्री तिने दार लोटून घेतलं.

हॉल मोठा असल्याने आवाज वाढवावा लागतो. इलाज नाही.

२ मार्च, रविवार

दाराची बेल बिघडली. नवीन आहे, चिमणीसारखी वाजणारी. मी दारापासून दोन हातांवर सोफ्यात पेपर वाचत होतो, प्लेअरही बंद, ऋतिका आत झोपलेली. आई आणि रसिका भाजी घेऊन बाहेर उभ्या. शेवटी रसिकाने दारावर थापा मारल्या. उघडलं तर आई घामाने डबडबलेली, जिन्याच्या पायरीवर बसलेली. म्हणाली, घरात नव्हतास का रे?

मी स्वतः बटण दाबून दाखवलं. म्हटलं, बघा, वाजत नाही. रसिका म्हणाली, वाजत्ये. आई म्हणाली, वाजत्ये की. मी पुन्हा दाबलं. आतून ऋतिका ओरडली, अगं आई, कोण आहे दारात, उघड ना!

रसिका माझ्याकडे बघत राहिली. चिडलेली नव्हती. ते जास्त वाईट. म्हणाली, शनिवारी आपण कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. म्हटलं, आईला घेऊन जा, तिचं वय झालंय. ती म्हणाली, अहो, तुम्हाला.

८ मार्च, शनिवार

नौपाड्यात दवाखाना. वेटिंगमध्ये टीव्ही, त्याचा आवाज भिकार. डॉक्टरीणबाई तरुण. मला काचेच्या खोलीत बसवलं आणि हेडफोन दिले. कंपनी विचारली. त्यांना माहीत नव्हती! अशा हेडफोनवर लोकांच्या कानांचे निकाल लावतात.

शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. सुरुवातीला पटापट दाबलं. मध्ये बराच वेळ त्यांनी काही वाजवलंच नाही. मी शांत बसून राहिलो. काचेतून त्या माझ्याकडे बघत होत्या, मीही त्यांच्याकडे बघितलं. नंतर कळलं, वाजवत होत्या.

ग्राफ दाखवला. डावीकडे सपाट, उजवीकडे घसरगुंडी. म्हणाल्या, वरच्या पट्टीतलं गेलंय सर, हळूहळू, बरीच वर्षं लागली असतील. चिमण्या, बेल, तारांची खणखण, बायकांच्या बोलण्यातले काही आवाज. रसिकाने विचारलं, म्हणजे मी बोलते ते? बाई म्हणाल्या, अर्धं.

मी म्हटलं, संगीताचा खरा आत्मा मधल्या पट्टीत असतो. बाईंनी मान डोलावली आणि ऐकायच्या मशीनसाठी कानाचं माप घेतलं.

स्टेशनवरून घरी येताना रिक्षात रसिकाने माझा हात धरला होता. लोकांसमोर. कशासाठी, कळलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. गेटवर डीजे. सगळी इमारत हादरत होती आणि कोणालाच लाज नव्हती. मी खिडक्या लावून संतूर लावलं. ऋतिका मैत्रिणीकडे निघून गेली. आई मोरीत जाऊन बसली. म्हटलं, तिथे काय करतेस? म्हणाली, इथे बरं आहे.

डीजेला कंटाळली असणार.

१५ मार्च, शनिवार

मशीनं मिळाली. दोन्ही कानांत. रसिका म्हणाली, दिसतही नाहीत. दिसतात. संकल्प: फक्त क्लासमध्ये वापरीन. गाणं मात्र नैसर्गिक कानांनीच.

१६ मार्च, रविवार, सकाळ

गंमत म्हणून उठल्याउठल्या लावली. पंखा कुरकुरतो. पेपर खसखसतो. रसिकाच्या बांगड्या वाजतात, नवीन आहेत का विचारलं. म्हणाली, लग्नातल्या.

आता तर संतूर ऐकायचंच. इतक्या चांगल्या प्लेअरवर, आणि तयार कानांना मशीनचीही जोड. घरातल्या सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. सगळे आले, निमूटपणे ओळीत बसले.

१६ मार्च, दुपार

प्लेअर बिघडला आहे. पहिला झंकार झाला आणि कोणीतरी ताटलीवर खिळा ओढला असं वाटलं. एक सेकंद नाही सहन झालं. धावत जाऊन बंद केला. कंपनीला तक्रार करायला फोन उचलला. मग अँप्लिफायरकडे लक्ष गेलं. ट्रेबलचं बटण पार शेवटाला. कोणी केलं, असं ओरडून विचारलं. ऋतिका फक्त माझ्याकडे बघत होती.

बटण मधोमध आणून ठेवलं. पुन्हा लावायचा धीर झाला नाही. कपाळात कळ उठली होती. बाम आहे का घरात, विचारलं.

होता. आईने उशीखालून काढून दिला. रसिकाने ओट्यावरच्या डब्यामागून. ऋतिकाने पर्समधून. तिन्ही बाटल्या जवळजवळ संपलेल्या.