माशांच्या टाकीतला दिवा

जावईबापू,

टाकीतल्या झाडांवर शेवाळ धरलं ते छोटीमुळे नाही. तुम्ही सगळे बाहेर पडलात की घर खायला उठतं, म्हणून टाकीतला दिवा मीच दिवसभर लावून ठेवायचे. मासे काचेशी यायचे, बरं वाटायचं. काल तुम्ही त्यावरून छोटीला फैलावर घेतलंत आणि मी मान खाली घालून शेंगा सोलत बसले. तिला सगळं ठाऊक होतं, तरी पोरीने माझं नाव घेतलं नाही. आजी म्हणवते मी स्वतःला!

पानं बोटांनी हलकेच पुसली आहेत, फारच माखलेली कापून टाकली. थोडं पाणी बदललंय. दिवा बंद आहे.

छोटीला आणायला शाळेत मीच गेलेय. आधी तिची माफी मागते. यायला उशीर झाला, तर तिला ओरडू नका.