मोठ्या लाइनीचं कोर्ट

४ ऑक्टोबर १९५४
माह्या लहान बहिणीचा, मंगलीचा, नवरा सुकलू अन् त्याचा सोबती जंगू, दोघांले पोलिसांनी नेलं. ठेकेदाराच्या तलावात चोरून जाळं टाकलं, राखणदार नथ्थू आडवा आला तं त्याले ढकललं, असा चार्ज. मंगलीले पाचवा महिना. रडून राह्यली. म्हटलं, भाऊ चौथी पास आहे, तू काऊन घोर करतं?

६ ऑक्टोबर
जंगू गुन्हा कबूल करतो म्हणते. भित्रा साला. सुकलूही तयार होता, मीच थांबवला. जामीनही घेऊ देला नाई. जामीन म्हणजे अर्धी कबुली. आपल्याले इज्जतीनं फुल सुटका पाहिजे. बाळंतपणाच्या आत घरी आणतो, असं मंगलीले वचन देलं.

७ नोव्हेंबर
जंगू पंधरा दिवस भोगून आला. तलावाच्या पाळीवर दिसला. बोललो नाई. गुन्हेगारासंगं काय बोलाचं?

२ डिसेंबर
तारीख पुढं गेली. पण कारण सापडलं! आमच्या मूल गावाले रेल्वेची छोटी लाइन, गाडी डुगडुग, म्हणून कोर्टही डुगडुग. वरोऱ्यात मोठी लाइन. तिथला एक जण म्हणे, त्याच्या काकाची केस दोन बाजारांत, म्हणजे दोन हप्त्यांत खलास. हे वकिलांच्याही ध्यानात आलं नसन.

१४ जानेवारी १९५५, संक्रांत
केस वरोऱ्याले न्यायचा अर्ज मंजूर. इथी ठेकेदाराचं वजन आहे, असं लिहिलं होतं. खरं कारण कोणाले सांगितलं नाई, नाहीतं सगळेच तिकडं धावतील. जेलात सुकलू म्हणे, भाऊ, कबूल करून टाकू काय? मी त्याले तिळगूळ देला.

१९ फेब्रुवारी
मंगलीले पोरगी झाली. सुईण सुगंधाबाईनं विचारलं, बाप कुठी आहे? म्हटलं, मोठ्या लाइनीवर. कोणी हासलं नाई. बारशाले आणतोच.

३ मार्च
बारसं झालं. नाव चंदा. इकडं वरोऱ्यात तारीख होती, पण साक्षीदार नथ्थू पोचलाच नाई. छोटी गाडी चांदा टेशनाले लागेपर्यंत मोठी सुटून गेली. यात कोर्टाचा दोष नाई, टाइमटेबलचा आहे.

९ मे
नथ्थू आला. पण कोर्टाच्या सायबांची बदली झाली. नवे सायब पहिल्यापासून ऐकतील म्हणे. चांगलंच आहे, पक्कं काम होईल.
झोप लागत नाई. गर्मी असन.

२ ऑगस्ट
मंगली पोरीले बांधावर झोपवून धानाचा रोवणा करून राह्यली. जंगू तिच्याकडं मासोळी पोचवते. माह्यासंगं ती बोलत नाई. कामाच्या घाईत असन. पण तिनं पाहिलं होतं मले. मनाले लागलं.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ
निकाल! सुकलूनं मले न विचारताच सायबाले सांगितलं, हो, ढकललं. सायब म्हणे, लय दिवस आत राह्यला, आता कोर्ट उठेपर्यंत इथी बस, एवढीच सजा. पाच वाजता मोकळा. एका दिवसात खलास. वरोऱ्याचं कोर्ट फास्टच, मी म्हणत होतो.

१२ नोव्हेंबर
सुकलूले घरी पोचवला. चंदा त्याले पाहून किंचाळली अन् माह्याच मानेले बिलगली. मंगलीनं तिले ओढून घेतलं. सुकलू खाली मान घालूनच म्हणे, "जंगूचं बरं झालं, भाऊ. त्याच्यासाठी धावाले कोणी नव्हतं."
मी म्हटलं, हो न, बिचारा.
घरी येऊन पाय धुताना समजलं तो काय बोलला ते. ताट वाढलेलं आहे.