रक्त मोजणारा काटा

कन्हेरी, ता. बारामती
१२ फेब्रुवारी

प्रिय उत्कर्षा,

तुला वन्सं म्हणायचं मी लग्नानंतर आठच दिवसांत सोडलं. त्या हाकेनं तुला पन्नाशी गाठल्यासारखं वाटतं, असं तूच म्हणालीस. तेव्हापासून नुसतं नाव. एक दिवसाआड फोनवर बोलतो आणि आज हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. ते शेवटी लिहिते. आधी घरची हालहवाल.

तुझ्या पुरस्काराची बातमी सगळ्या गावाला कळली आहे. तू पाठवलेलं निवडीचं पत्र अप्पांनी तुझ्या दीपकदादाकडून छापून आणवलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि दूध संकलन केंद्रात माझ्या टेबलावर ठेवून दिलं. ज्याचं दूध मापून होईल त्याच्या हातात ते देतात. इंग्रजी बघून कुणी बिचकलं की स्वतःच सांगतात, "साडेतीनशे तरण्या डॉक्टरांनी अर्ज केलं हुतं. दवाखान्यासाठी नवं यंत्र काढणाऱ्यांना निधी हाय ह्यो. त्यातलं नऊ जण निवडलं, आन् त्यात एक आमची." गोजरबाईंनी विचारलं, "मंजी पोरगी आता पेशंट बघायची न्हाय व्हय?" अप्पा केवढे चिडले! "बघंल की! पेशंट बघून बघूनच तर सुचलंय तिला." उभ्या जन्मात या माणसानं आपल्या लेकराचं तोंडभर कौतुक केलेलं मी पाहिलं नव्हतं. आता रोज सकाळी दीड तास करतात.

मी मापं लिहीत ते ऐकते आणि मान वर करत नाही. मला ते सगळं ऐकताना इंदापूरची दुपार आठवते.

छकुलीला परवा पाचवं लागेल. तेव्हा मी बावड्याला माहेरी होते, आणि कळा सुरू झाल्यावर मला इंदापुरातल्या एका दवाखान्यात नेलं. दुपारी दोनला ती झाली. तू स्त्रीरोगाच्या शिक्षणाच्या पहिल्याच वर्षाला होतीस, कळा सुरू झाल्याचं कळताच दोन दिवसांची रजा काढून भाचीला बघायला आलीस. पण तू बाळाकडे गेलीच नाहीस. दारातून माझा चेहरा बघितलास आणि सरळ येऊन मनगट धरलंस. रक्त किती गेलं म्हणून विचारलंस. सिस्टर म्हणाल्या, "जातं तेवढंच गेलंय, काही विशेष नाही." त्या बाई वाईट नव्हत्या गं. त्यांनी मला मायेनं पाणी पाजलं होतं. त्यांनी नजरेनं अंदाज केला होता, एवढंच. तू अंगावरची चादर उचललीस, खालची भिजलेली कापडं एकेक करून हातात घेतलीस आणि तुझा आवाजच बदलला. मग ॲम्ब्युलन्स, बारामतीचा रस्ता, आणि रक्त थांबवायला तासभर माझ्या पोटात रुतलेली तुझी मूठ. "वहिनी, माझ्याकडं बघ. डोळं मिटायचं न्हाईत," असं तू ओरडत होतीस. एरवी पुण्याची भाषा बोलणारी तू, त्या दिवशी पार गावाकडची झाली होतीस. दीपक बाळाला आणि माझ्या आईला सांभाळत मागे राहिला होता. बारामतीत पोचल्यावर माझी शुद्ध गेली. सात पिशव्या रक्त चढलं, असं नंतर कळलं.

मी वाचले, आणि त्यानंतर वर्षभर तुझ्याशी धड बोलले नाही. तुझा फोन आला की छकुली रडतेय म्हणून ठेवायचे. ती झोपलेली असायची.

मग ती दिवाळी आली. तू सकाळी चहाचा कप घेऊन केंद्रात माझ्याशेजारी येऊन बसलीस. गोजरबाई पन्नास ग्रॅमसाठी माझ्याशी भांडत होत्या. मी त्यांची किटली उतरवली, काटा शून्यावर आणला, परत ठेवली आणि पन्नास ग्रॅम वाढवून लिहिले, कारण त्यांचंच बरोबर होतं. त्या गेल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हशीचं दूध ग्रॅमवर मोजायचं, आन् बाईचं रक्त नुसतं डोळ्यानं?" वर्षभरात मी तुझ्याशी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. तू कप खाली ठेवलास आणि माझा काटा उलटा करून त्याच्या पोटात काय असतं ते बघायला लागलीस. मागे रांगेत सहा माणसं ताटकळत होती.

दुसऱ्या दिवशी तू अंगणात बीट उकळून पातेलंभर लाल पाणी केलंस. ते जुन्या लुगड्याच्या धडप्यांवर ओतलंस आणि घरातल्या सगळ्यांना किती असेल ते विचारलंस. अप्पा म्हणाले पाव लिटर. आई म्हणाल्या, "आर्धा आसंल." दीपकनंही अर्धाच सांगितला. मीसुद्धा चुकले, जिचा हा रोजचा धंदा. तू ओतलं होतंस नऊशे मिलिलिटर. आई खाली बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. सासूच्या डोळ्यांत मी तेव्हा पहिल्यांदा पाणी बघितलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला लिहायला आवडतंय. दीपकनं केंद्रातला मोडका काटा खोलून दिला, आणि तू त्यावर बाळंतिणीच्या खाली सरकवायचा ट्रे बसवलास. कापडाचं वजन रक्तात धरलं जातंय म्हणून तू वैतागलीस, तेव्हा मी सांगितलं की रिकाम्या कॅनचं वजन आपण आधीच वजा करतो, तसं कोरं कापड आधी ठेवून शून्य कर. तू मला मिठी मारलीस. बाळाच्या पिशवीतलं पाणीही मोजलं जायचं, म्हणून बाळ बाहेर आल्यावरच नवं कापड घालायचं ठरलं. अर्धा लिटर झालं की लाल दिवा. पंख्याच्या वाऱ्यानं तो दिवा आपोआप लागायचा, तेव्हा तुझ्या वरिष्ठांनी हे खेळणं घरी ने म्हणून सांगितलं. तू ते घरी आणलंस, दुरुस्त केलंस आणि परत त्यांच्याच टेबलावर नेऊन ठेवलंस. तीन वर्षं, ड्यूटी सांभाळून. मुलाखतीत त्या मोठ्या माणसांनी विचारलं, की यंत्र इतकं साधं आहे तर त्याला निधी कशाला? तू म्हणालीस, साधं आहे म्हणूनच ते इंदापूरच्या दवाखान्यातही चालेल, पण तिथे पोचण्याआधी ते हजार बायकांवर तपासून बघावं लागेल, आणि तपासणी साधी नसते. हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी स्पीकर चालू केला होता. अप्पा टोपी काढून ऐकत होते.

आता मागच्या सोमवारची गोष्ट. केंद्र बंद करताना एक मुलगी स्कूटीवरून आली, मागे तिचा नवरा बाळ घेऊन. काटेवाडीची, स्वप्नाली नाव. तुझ्या दवाखान्यातल्या पहिल्या, छोट्या चाचणीतली. तिनं सांगितलं, बाळंतपण झाल्यावर तिला छान हलकं वाटत होतं, झोप येत होती, आणि अचानक लाल दिवा लागला. सिस्टर धावल्या, इंजेक्शन दिलं, चौघी-पाच जणी तिच्याभोवती गोळा झाल्या, आणि अर्ध्या तासात रक्त थांबलं. पाचव्या दिवशी ती बाळ घेऊन घरी. काट्याची कल्पना कन्हेरीच्या दूध केंद्रातून निघाली, असं तूच तिला सांगितलंस म्हणे. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि हसत म्हणाली, "पुढच्या येळंला बी तितंच जाणार."

पुढच्या वेळेला. ती हे इतक्या सहज बोलली! पण उत्कर्षा, मला हेवा वाटला नाही. मी चार वर्षं त्या हेव्याला भीत होते, आणि तो आलाच नाही. ती गेल्यावर मी केंद्राच्या पायरीवर बसून होते आणि मला इतका अभिमान वाटत होता, की कुणी विचारलं असतं तर मीही अप्पांसारखी ते पत्र घेऊन रस्त्यावर उभी राहिले असते.

म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच रडली असतीस आणि माझं राहून गेलं असतं. बारामतीत त्या संध्याकाळी माझी गर्भाची पिशवी काढायच्या कागदावर तू सही केलीस. दीपक वाटेत होता, मी शुद्धीत नव्हते आणि तू सव्वीस वर्षांची होतीस. दुसरं लेकरू होणार नाही याचा राग मला कुणावर तरी काढायचा होता, आणि कागदावर तुझं नाव होतं. दोनदा तू मला विचारलंस, वहिनी, माझं चुकलं का, आणि दोन्ही वेळा मी उठून आत गेले. आज उत्तर देते. नाही चुकलं. मला शुद्ध असती तर ती सही मी केली असती. अठ्ठावीस तारखेला पुण्यात तुला व्यासपीठावर बोलायचं आहे, आणि भाषण तू मला वाचायला पाठवलं आहेस. त्यात 'आमच्या घरातील एक रुग्ण, वय चोवीस' असं लिहिलं आहेस. मला वाचवायला तू माझं नाव झाकलंस, कळतं मला. ते खोड आणि तिथे लिही, मोना दीपक देवकाते, कन्हेरी. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, छकुलीला मांडीवर घेऊन. माझं नाव आलं की सहीचंही सांग, आणि सांगताना माझ्याकडे बघ.

तुझीच,
मोना वहिनी