तांदळातलं नाव

सक्करदरा, शनिवार, १२ जानेवारी १९७४

आज सुटलो एकदाचा! मला लकवा मारला, त्याला चार महिने झाले. हातपाय चालू लागले, पण बायकोचं नाव काही केल्या आठवत नव्हतं. कोणाला कळलंही नाही, कारण जन्मभर हाक मारली ती 'अवं' म्हणूनच. नाव मीच ठेवलेलं, लग्नात, ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून. ताट आठवतं, अंगठी आठवते, अक्षरं तेवढी गेली. विचारू तरी कसं? लाजेनं तिच्याशी बोलणंच कमी केलं.

संध्याकाळी रेशनकार्डाचा फॉर्म भरायला कारकून घरी आला. "पत्नीचं नाव?" ती समोरच सुपात तांदूळ निवडत होती. माझ्या तोंडातून निघालं, "गोदावरी."

त्यानं लिहूनही टाकलं. तो गेल्यावर ती म्हणाली, "हे तर माह्या माहेरचं नाव. तीस वर्सांत कोणी घेतलं नाही. काहून सांगितलं जी?"

मग सगळं सांगून टाकलं. वाटलं, रडेल. ती तर हसत सुटली! "मले वाटे, तुम्ही माह्यावर रागावून राहिले."

आणि सुपातले तांदूळ सारखे करून तिनं बोटानं सावकाश नाव लिहिलं. "वाचा आता." मी वाचलं. दोनदा, मोठ्यानं.

ते नाव इथं मुद्दामच लिहून ठेवत नाही. उद्या विसरलो तर तिलाच विचारीन. तांदूळ आहेत घरात.